वेताळाचा प्रश्न आणि आपल्या गप्पा

जेवणं झाली असतील, भांडी व्हायची असतील. राहू द्या जरा वेळ. रेडिओचा आवाज थोडा वाढवा आणि शेजारणीलाही हाक मारा, कारण आजचा विषय एकटीने ऐकायचा नाही. आज मी कर्जफेडीबद्दल बोलणार नाही, पासबुकाबद्दलही नाही. आज बोलायचंय ते टीव्हीवरच्या जादूच्या मालिकांबद्दल आणि त्या बघून झाल्यावर आपण बायका ज्या गप्पा मारतो त्यांच्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय झाला? इतिहास म्हणजे राजे, लढाया, आपल्या नंदुरबारचा बाल हुतात्मा शिरीषकुमार. ते तर आहेच. पण गावात पहिला टीव्ही कधी आला, तो कोणाच्या घरी होता, तिथे कोणाला आत बसायला मिळायचं आणि कोणाला दारातून बघावं लागायचं, हाही इतिहासच आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, तुमच्या-माझ्या आठवणीत आहे. गेले काही महिने मी ज्या गटात बैठकीला जाते, तिथे बचत जमा झाली की एकच प्रश्न विचारते, 'मावशी, तुम्ही टीव्हीवर पहिल्यांदा काय बघितलं?' एरवी सहीपुरतं बोलणाऱ्या बायका त्या प्रश्नावर तासभर बोलल्या.

आधी थोड्या तारखा सांगते. आपल्या देशात टीव्ही सुरू झाला तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. खेड्यांसाठी पहिला मोठा प्रयोग झाला १९७५ मध्ये. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला गेला. शेती, आरोग्य, शाळा असे त्याचे विषय. आपलं राज्य त्या सहांत नव्हतं. आपल्याकडे टीव्ही खऱ्या अर्थाने पोचला तो १९८४ नंतर, छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर उभी राहिली तेव्हा. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाच नव्हता, आपण धुळे जिल्ह्यात होतो. आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर वीजच नव्हती, तिथे टीव्ही कुठून येणार?

म्हणून टीव्हीच्या आधी काय होतं तेही बघायला हवं. कारण अद्भुत गोष्ट आपल्याला टीव्हीने शिकवलेली नाही. नवापूरकडे सोंगाड्या पार्टी रात्रभर चालायची. याहामोगी मातेच्या कथा गाणारे जुने जाणते होते, अजून आहेत. आजीच्या गोष्टीत झाड बोलायचं, नदी रागवायची, माणसाचा वाघ व्हायचा. आणि गोष्ट एकट्याने कोणी ऐकत नसे. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. म्हणजे ऐकणारीलाही काम होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचंय.

आता १९८५. दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' ही मालिका आली. ती रामानंद सागर यांची. विक्रम राजाचं काम करणारे अरुण गोविल पुढे रामायणात राम झाले. गोष्ट आपल्याला माहीतच होती. वेताळपंचविशी मराठीत जुनी आहे आणि 'चांदोबा' मासिकामुळे ती घराघरांत गेली होती. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो. त्या प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. या तिघांत खरा थोर कोण? चूक कोणाची? उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार.

शहाद्याकडच्या एक मावशी मला सांगत होत्या, 'आम्ही राजाच्या आधी उत्तर द्यायचो. सासूबाई एक सांगायच्या, मोठी जाऊ दुसरंच सांगायची. मग भांडण. राजाचं उत्तर कोणाला ऐकूच यायचं नाही.' मला ते ऐकून हसू आलं, पण नंतर वाटलं, ज्या घरात सुनेने सासूसमोर बोलायचं नाही असा दंडक होता, त्या घरात 'चूक कोणाची' या प्रश्नावर सून सासूच्या विरुद्ध मत देत होती. गोष्ट राजाची होती, म्हणून ते चालून गेलं. जादूच्या गोष्टीचा हा एक मोठा उपयोग आहे. घरातलं जे घरातल्या नावाने बोलता येत नाही, ते राजा, राणी आणि राक्षसाच्या नावाने बोलता येतं.

या वेताळाच्या गोष्टी आल्या कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या कवीने 'कथासरित्सागर' हा ग्रंथ रचला, तोही राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी. म्हणजे पहिली श्रोती एक बाईच. त्या ग्रंथात या गोष्टी आहेत. आणि सोमदेव म्हणतो, माझ्या कथा मुळात गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तल्या आहेत. गुणाढ्याची दंतकथा आपल्या पैठणची आहे. तो सातवाहन राजाचा मंत्री. त्याने लाखो श्लोकांची कथा लिहिली, पण ती पैशाची भाषेत, म्हणजे रानावनातल्या लोकांची म्हणून हिणवल्या जाणाऱ्या भाषेत. राजाने नाक मुरडलं, असल्या भाषेतलं मला नको म्हणाला. गुणाढ्य रानात गेला, पान वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. ऐकायला रानातली जनावरं-पाखरं चारापाणी सोडून बसायची. राजाला कळलं तेव्हा थोडाच भाग वाचला होता.

ही दंतकथा आहे, घडलेला इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण अहिराणी, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या आपल्याला ती लगेच कळते. कारण टीव्ही आपल्या बोलीत कधी बोललाच नाही. तो हिंदीत बोलायचा, नाहीतर शहरी मराठीत. धडगाव भागातल्या एक ताई सांगतात, त्यांच्या पाड्यावर बॅटरीवर चालणारा एकच काळा-पांढरा टीव्ही होता. शाळेत गेलेली एक मुलगी पुढे बसायची आणि हिंदीतलं प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत करून सांगायची. 'ती सांगायची त्यात निम्मं तिचंच असायचं,' ताई म्हणाल्या, 'पण आम्हाला तेच आवडायचं.' बघा, हुंकार देणारी आता स्वतःच सांगणारी झाली.

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चाललं. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० महाभारत. हा काळ तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. अंघोळ करून टीव्हीसमोर बसणं, टीव्हीला हार घालणं, रस्ते ओस पडणं. रामायण ही श्रद्धेची कथा, तिला मी जादूची मालिका म्हणणार नाही. पण एकत्र बघण्याची आणि बघून बोलण्याची सवय आपल्याला त्या रविवारांनी लावली. सीतेला अग्निपरीक्षा का द्यावी लागली, द्रौपदीला पणाला लावायचा हक्क धर्मराजाला कोणी दिला, हे प्रश्न ओसरीवर बसून बायकांनी विचारले. माझी आई म्हणते, द्रौपदीच्या भागानंतर त्यांच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

आणि बघणारे नुसते बघत बसले नाहीत. रामायण राज्याभिषेकावर संपणार असं कळल्यावर पंजाबात वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी ऋषी आणि लव-कुश यांची कथा दाखवल्याशिवाय रामायण पुरं कसं होईल, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे उत्तर रामायण आलं. ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्या माणसांनी गोष्ट पुढे न्यायला लावली.

असंच एक काम त्याच्या वीस वर्षं आधी अमेरिकेत झालं होतं, आणि त्यात बायका पुढे होत्या. तिकडे १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली. पुढच्या काळात माणसं मोठ्या यानात बसून ताऱ्यांमध्ये फिरतात, अशी ती कथा. पुढे आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली. दुसऱ्या वर्षीच ती बंद पडणार अशी बोलवा झाली. तेव्हा बिजो ट्रिंबल नावाच्या बाईने नवऱ्याला सोबत घेऊन पत्रमोहीम उभी केली. या प्रेक्षकाने दहा जणांना सांगायचं, त्या दहांनी पुढच्या दहांना, आणि सगळ्यांनी वाहिनीला पत्र लिहायचं. पत्रांचे ढीग पडले. मार्च १९६८ मध्ये वाहिनीला टीव्हीवरूनच जाहीर करावं लागलं की मालिका पुढे चालेल. या मालिकेच्या वेड्या प्रेक्षकांनी स्वतः छापलेलं पहिलं मासिकही दोघी बायकांनीच संपादित केलं होतं. आपल्या गटाच्या साखळीत आणि त्यांच्या त्या साखळीत मला फार फरक दिसत नाही.

त्या मालिकेत उहुरा नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री यानावरची अधिकारी दाखवली होती. ते काम निशेल निकोल्स करायच्या. ज्या काळात अमेरिकेत काळ्या बायका पडद्यावर बहुतेक वेळा मोलकरणीच असायच्या, त्या काळात ही बाई यानाचं संपर्काचं काम सांभाळत होती. ते बघत एक लहान मुलगी मोठी झाली. तिचं नाव मे जेमिसन. सप्टेंबर १९९२ मध्ये ती खरोखर अंतराळात गेली, तिथे गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. उहुरामुळे आपल्याला बळ मिळालं, असं तिने अनेकदा सांगितलं आहे. कल्पनेतली बाई आधी आली आणि खरी बाई मागून गेली.

आता माझ्या लहानपणाकडे येते. १९९४ मध्ये 'चंद्रकांता' आली. निर्जा गुलेरी या बाईंनी ती केली होती. मूळ कादंबरी देवकीनंदन खत्री यांची, १८८८ सालची. वेषांतर करणारे ऐयार, तिलिस्म, आणि तो मिशीवाला क्रूरसिंह, जो 'यक्कू' म्हणाला की आम्ही पोरं चादरीत शिरायचो. मी तेव्हा इतकी लहान होते की मालिकेपेक्षा मोठ्यांच्या गप्पाच जास्त आठवतात. शिवाय 'अलिफ लैला'. आणि १३ सप्टेंबर १९९७ ला 'शक्तिमान'.

शक्तिमान बघायला आम्ही दहा-बारा पोरं एका काकांच्या घरी जायचो. वीज गेली की ओरडा. ज्या दिवशी वीज जायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी हातपंपावर सभा भरायची. ज्याच्या मामाच्या गावात वीज होती तो पोरगा राजा. तो सांगायचा, आम्ही ऐकायचो, आणि तो काय थापा मारतोय ते ओळखायचो. 'एवढ्या वर गेल्यावर शक्तिमानला श्वास कसा येतो?' असं माझ्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा सगळी हसली. आज वाटतं, हाच तर विज्ञानाचा प्रश्न होता. गंमत बघा, शक्तिमान सुरू झाला त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९९७ ला, कर्नालची कल्पना चावला अंतराळात गेली. तिलाही वर श्वास घ्यायचा होता. त्याचं उत्तर तिच्या यानात, हवेच्या टाक्यांत आणि हिशेबात होतं.

पण त्याच काळात वर्तमानपत्रांत वाईट बातम्याही येत होत्या. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून कुठे मुलाने उंचावरून उडी मारली, कुठे स्वतःला पेटवून घेतलं. शेवटी मालिकेतच मुलांना सांगावं लागलं की हे खरं नाही, असं करू नका. गोष्ट आणि खरं यांच्यामधली मेर पुसली गेली की काय होतं, ते तेव्हा देशाने पाहिलं. लेकरांना कोणीतरी जवळ घेऊन विचारायला हवं होतं, 'बाळा, हे कसं दाखवलं असेल? दोर बांधला असेल का?' एवढी गप्पा मारणारी एक आई किंवा आजी शेजारी असणं फार मोलाचं.

ही मेर नीट राखायची कशी, हे मराठीत एका माणसाने छान दाखवलं. डॉ. जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. विश्वाच्या रचनेवर जगभर गाजलेलं काम करणारे शास्त्रज्ञ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे नारळीकरच. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. मोठ्या नावाला बक्षीस नको, गोष्टीला मिळू दे, हा त्यातला विचार. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मे २०२५ मध्ये ते गेले.

विज्ञानकथा लिहिणाऱ्याचा एक नियम असतो. एक गोष्ट मानायची. समजा, माणसाला काळात मागे जाता आलं तर? समजा, धूमकेतू पृथ्वीवर येऊन आदळणार असेल तर? एकदा ते मानलं की पुढचं सगळं कारणाला धरून घडलं पाहिजे. 'समजा' हा शब्द विसरायचा नाही. आणि खऱ्या आयुष्यात कोणी दावा केला तर तो तपासायचा. नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये पत्रिकेची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या आणि ओळखा म्हटलं. नाणं उडवून जेवढी उत्तरं बरोबर येतील तेवढीही आली नाहीत. कोणाला शिव्या नाहीत, भांडण नाही. फक्त प्रश्न, आणि मोजणी.

आता ज्यासाठी हे सगळं सांगत होते तिथे येते. आणि यात माझीही चूक आहे, तीही सांगते.

गेल्या दहा वर्षांत टीव्हीवर इच्छाधारी नागिणी आल्या, चेटकिणी आल्या. 'नागिन' २०१५ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये 'नजर' नावाची मालिका आली, तिच्यात सुंदर दिसणारी डायन होती आणि तिची सगळी ताकद तिच्या लांब वेणीत होती. बायकांना या मालिका आवडतात, मलाही आवडायच्या. बैठक संपली की त्यावर गप्पा व्हायच्या. एकदा अशाच गप्पांत एक वहिनी हसत म्हणाली, 'आपल्याकडे पण आहे की एक लांब वेणीवाली.' सगळ्यांना कळलं कोणाबद्दल ते. गावाच्या टोकाला एकटी राहणारी एक विधवा बाई. दुसरी म्हणाली, 'ती दारातून गेली आणि आमचं वासरू दुसऱ्या दिवशी मेलं.' कोणी हसलं, कोणी नाही. मी समन्वयक. मी काही बोलायला हवं होतं. मी रजिस्टर भरत राहिले आणि गालातल्या गालात हसले.

ती बाई आमच्याच गटात होती. त्या दिवशी ती मजुरीला गेली होती. पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बचत शेजारच्या मुलाच्या हाती पाठवली.

आपल्या भागात 'डाकीण' हा शब्द काय करू शकतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्या शब्दाने बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय, जमिनी काढून घेतल्यात. बहुतेक वेळा ती बाई एकटी असते आणि तिच्या नावावर थोडी जमीन किंवा घर असतं. मागे २०१७ मध्ये उत्तर भारतात बायकांच्या वेण्या कोणीतरी कापतंय अशी अफवा उठली. आग्र्याजवळच्या एका गावात पहाटे बाहेर गेलेल्या म्हाताऱ्या बाईला वेणी कापणारी चेटकीण समजून लोकांनी मारून टाकलं. आणि दूर कशाला? १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आली या मोबाईलवरच्या अफवेवरून पाच निरपराध माणसं मारली गेली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. तिथे टीव्हीची मालिका नव्हती. पण ऐकलेल्या गोष्टीला एकानेही प्रश्न विचारला नाही, हे तसंच होतं.

आमच्या गटात प्रश्न विचारला तो सगळ्यात वयस्कर आजींनी. त्यांना सही येत नाही, अंगठा देतात. तिसऱ्या बैठकीला त्या म्हणाल्या, 'वासरू कशाने मेलं? मांडी सुजली होती का? लंगडत होतं का? डॉक्टरला दाखवलं होतं का?' दाखवलं नव्हतं. त्याच महिन्यात गावात आणखी एक जनावर आजारी पडलं तेव्हा गुरांचे डॉक्टर आले. मांडीवरची सूज बघून म्हणाले, हा फऱ्या आहे, पावसाळ्याआधी लस टोचून घ्यायला हवी होती. आजींनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारलं, 'मग सांगा आता, चूक कोणाची? वेणीची का लशीची?'

मैत्रिणींनो, हाच वेताळाचा प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वी ओसरीवर बसून राजाच्या आधी उत्तर देणाऱ्या बायकांपैकीच त्या एक. आणि माझं काय झालं होतं? उत्तर माहीत असून मी गप्प राहिले होते. गोष्टीतल्या राजाला अशा वेळी डोकं फुटायची भीती होती. माझं डोकं शाबूत राहिलं, पण एका बाईला तीन महिने तोंड लपवून राहावं लागलं.

मग आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. माफी मागितली. ती काही बोलली नाही, चहा केला. आता ती बैठकीला येते, पण अजून दाराजवळच बसते. मोडलेलं लगेच जुळत नाही, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

कायद्याचंही सांगून ठेवते. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यांनी ज्याच्यासाठी अनेक वर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरं मरतात, रोगराई येते असं म्हणून तिला त्रास देणं, मारहाण करणं, तिची धिंड काढणं हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. गटाने सोबत गेलं तर एकट्या बाईला धीर येतो.

म्हणजे मालिका बंद करायच्या का? मी तसं मुळीच म्हणत नाही. दिवसभर कापूस वेचून, मिरच्या खुडून आलेल्या बाईने रात्री नागीण बघितली तर तिला नावं ठेवणारी मी कोण? देव पूजणं वेगळं, गोष्ट ऐकणं वेगळं, आणि शेजारणीवर आळ घेणं वेगळं. पहिली दोन आपली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिसऱ्याला आपल्या ओसरीवर जागा द्यायची नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण, महाभारत, शक्तिमान पुन्हा दाखवले तेव्हा आजी, आई आणि नातवंडं एकाच वेळी टीव्हीसमोर होती. पण आता पुन्हा प्रत्येकाच्या हातात वेगळा मोबाईल आलाय. ज्याची त्याची मालिका वेगळी. बघणं वाढलंय, बघून बोलणं कमी झालंय. मला काळजी आहे ती याची. शेजारी बसून 'काय व माय, असं कुठे असतं का!' म्हणणारी बाई नसेल तर गोष्ट सरळ डोक्यात शिरते आणि तिथेच राहते.

म्हणून पुढच्या बैठकीत एक करा. बचत जमा झाली, वही बंद झाली की दहा मिनिटं ठेवा. कोणतीही मालिका घ्या, नागिणीची, भुताची, यानाची. आणि तीन प्रश्न विचारा. हे पडद्यावर कसं दाखवलं असेल? असं खरंच झालं असतं तर पुढे काय झालं असतं? आणि या गोष्टीत आपण कोणाला वाईट ठरवतोय, ती बाई आपल्या गावात कोणासारखी दिसते? तिसरा प्रश्न जड आहे. तो विचारल्यावर जरा शांतता पसरेल. पसरू द्या.

आणि तुमच्या गावात पहिला टीव्ही कोणाकडे होता, तुम्ही कुठे बसून बघत होता, दारात, अंगणात का खिडकीबाहेर, ते एखाद्या शिकलेल्या लेकीकडून वहीत लिहून घ्या. आपल्या बोलीत लिहा. गुणाढ्याची पानं जळाली, आपली जळू द्यायची नाहीत.

बरं, भांडी वाट बघतायत. येते मी. राम राम.